भाताचें खत आणि दाण्याचें सत्त्व

भाताचें पीक मोजण्याचीं मापें फार जुनीं आहेत. अधोली, पायली, मण, खंडी हे शब्द कोंकणच्या खळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या ऐकूं येत आले, आणि धारा, मक्ता, अर्धेल हे सारे व्यवहार त्यांच्यावरच चालत आले. पण राशींत किती भात आहे हें मोजणाऱ्या माणसानें, त्या भाताच्या दाण्यांत काय आहे हें मोजण्याचें मनांत आणिलें तें फार उशिरां. मातींत काय घातलें असतां भात अधिक पिकतें, या प्रश्नाचा इतिहास शेंकडों वर्षांचा आहे. त्याच मातींत काय व केव्हां घातलें असतां दाणा अधिक कसदार होतो, हा प्रश्न मात्र जेमतेम शंभर वर्षांपूर्वी विचारला जाऊं लागला. पीक वाढलें म्हणजे कस वाढलाच, अशी समजूत बराच काळ होती. ती समजूत अपुरी ठरली ती कशी, याचा मागोवा कोंकणांतल्या एका जुन्या चालीपासून घेतां येतो.

ठाणें, कुलाबा, रत्नागिरी या जिल्ह्यांत व घाटमाथ्यावरील मावळांत भाताच्या रोपासाठीं राब भाजण्याची रीत पुरातन आहे. ज्या तुकड्यांत रोप तयार करावयाचें, त्यावर शेण, झाडांचा टहाळ म्हणजे कवळ, वाळलेलें गवत व पालापाचोळा यांचे थर रचावयाचे, वर बारीक मातीचा पातळ थर द्यावयाचा आणि उन्हाळ्याच्या अखेरीस त्याला आग लावावयाची. आग भडकूं नये, ती सावकाश धुमसत मातींत मुरावी, म्हणून ती वाऱ्याच्या विरुद्ध बाजूनें लाविली जाई. पहिल्या पावसाबरोबर त्या भाजलेल्या जमिनींत बीं फेकलें कीं रोप दाट, हिरवेंगार व तणरहित येतें, हा शेतकऱ्याचा अनुभव होता. खाचराच्या सुमारें एक दशांश जमिनीवर केलेली ही मेहनत उरलेल्या नऊ दशांशांचें भवितव्य ठरवीत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या साध्या चालीवरून मोठा झगडा उभा राहिला. १८७८ सालच्या जंगल कायद्यानें सरकारची जंगलांवरील पकड घट्ट झाली आणि राबासाठीं टहाळ तोडणाऱ्या शेतकऱ्याकडे जंगलाचा नाश करणारा म्हणून पाहिलें जाऊं लागलें. शेतकऱ्याचें म्हणणें उलट होतें. कवळ नाहीं तर राब नाहीं, राब नाहीं तर रोप नाहीं, आणि रोप नाहीं तर धारा कोठून भरावयाचा? ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला कीं १८८५ सालीं मुंबई सरकारला जंगलविषयक तक्रारींच्या चौकशीसाठीं एक कमिशन नेमावें लागलें; त्याचा अहवाल १८८७ सालीं बाहेर आला. राबाचा प्रश्न त्या चौकशींतील एक महत्त्वाचा प्रश्न होता. मातींत काय घालावयाचें हा विषय वरवर केवळ शेतकीचा दिसतो. पण जंगलावर हक्क कोणाचा व गुराढोरांच्या शेणाचा उपयोग कसा करावयाचा, हे प्रश्न त्याला पहिल्यापासून चिकटलेले आहेत.

त्याच सुमारास युरोपांत खताच्या शास्त्राला नवें वळण लागलें होतें. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यानें १८४० सालीं आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहून वनस्पति मातींतून खनिज द्रव्यें घेतात हें ठासून मांडलें. १८४३ सालीं इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथें लॉज व गिल्बर्ट यांनीं वर्षानुवर्षें चालणारे खतांचे प्रयोग सुरू केले. नत्र, स्फुरद व पालाश हे तीन शब्द शेतकीच्या परिभाषेंत रूढ झाले ते या परंपरेंतूनच. १८८९ च्या अखेरीस हिंदुस्थान सरकारच्या निमंत्रणावरून डॉ. फोएल्कर नांवाचे रसायनशास्त्रज्ञ या देशांत आले. देशभर हिंडून लिहिलेला त्यांचा अहवाल १८९३ सालीं प्रसिद्ध झाला. या देशाच्या शेतकऱ्याला शेती कळत नाहीं, हा आक्षेप त्यांनीं मान्य केला नाहीं. शेण गोवऱ्या करून जाळावें लागतें तें सरपण मिळत नाहीं म्हणून. तेव्हां सरपणाची सोय करा म्हणजे शेण शेताकडे जाईल, हें त्यांच्या सांगण्याचें सार होतें. राबाचीही चर्चा त्या अहवालांत आहे.

राबाचें खरें शास्त्रीय परीक्षण मात्र पुण्यास झालें. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन हे पुढें दक्षिणेंतील खेड्यांच्या आर्थिक पाहणीमुळें महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं झाले. त्यांनीं एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर या सहकाऱ्यांसह पश्चिम हिंदुस्थानांतील राबाच्या पद्धतीवर एक प्रबंध लिहिला. तो १९१२ सालीं सरकारी शेतकी खात्याच्या रसायनविषयक ग्रंथमालेंत प्रसिद्ध झाला. राबाचा गुण राखेंत आहे कीं उष्णतेंत आहे, हा त्यांतला कळीचा प्रश्न होता. माती तापविल्यानें तिच्यांतील सूक्ष्म जीवांपैकीं बरेचसे मरतात, उरलेले झपाट्यानें वाढतात आणि मातींत अमोनियाच्या रूपानें नत्र मोकळें होतें, हें रॉथॅमस्टेड येथें रसेल व हचिन्सन यांनीं १९०९ सालीं दाखवून दिलें होतें. म्हणजे राबाचें काम दुहेरी आहे. राखेंतून पालाश, चुना व थोडें स्फुरद मिळतें, आणि तापलेल्या मातींतून रोपाला सुरुवातीच्या दिवसांत नत्र मिळतें; शिवाय तणाचें बीं जळून जातें तें वेगळेंच. पण या लाभाची किंमतही मोजावी लागते. टहाळांतलें व शेणांतलें नत्र बहुतांशीं धुराबरोबर आकाशांत जातें. राब हें रोपाचें बाळसें आहे. साऱ्या खाचराचें खत नव्हे.

आणि भाताच्या पिकाची सारी कहाणी या नत्राभोवतींच फिरते. कारण दाण्यांतील ज्या द्रव्याला प्रथिन किंवा प्रोटीन म्हणतात, ज्यावर मुलाची वाढ व मोठ्या माणसाच्या शरीराची झीज भरून निघणें अवलंबून असतें, तें नत्रावांचून बनूंच शकत नाहीं.

भात हें चमत्कारिक पीक आहे. तें पाण्यांत उभें राहतें, आणि पाण्याखालच्या चिखलांत हवा नसते. त्यामुळें गव्हाला किंवा ज्वारीला जें खत मानवतें तें भाताला मानवेलच असें नाहीं. जपानांत नागाओका यांनीं १९०४ सालीं दाखवून दिलें कीं सोऱ्याच्या रूपांतील नत्रापेक्षां अमोनियाच्या रूपांतील नत्र भाताला अधिक उपयोगी पडतें. कोइमतूर येथें हॅरिसन व सुब्रह्मण्य अय्यर यांनीं १९१३ पासून खाचराच्या चिखलांतून निघणाऱ्या वायूंचा अभ्यास केला. त्यांत मिथेन व नत्र वायु प्रामुख्यानें सांपडले, आणि मातीच्या पृष्ठभागावरील शेवाळाचा पातळ पापुद्रा मुळांना प्राणवायु पुरविण्यास साहाय्य करतो असें दिसून आलें. १९३९ सालीं पी. के. डे यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत दाखवून दिलें कीं हेंच निळें-हिरवें शेवाळ हवेंतलें नत्र पकडून मातींत सांठवितें. बंगालमधील कित्येक शेतांत वर्षानुवर्षें खत न देतांही थोडेंबहुत भात कां पिकतें, या कोड्याचें उत्तर त्यांत होतें. जपानांत शिओइरी यांच्या संशोधनानें दुसरी एक गोष्ट सिद्ध केली. खाचराच्या वरच्या पातळ थरांत हवा असते. तेथें टाकलेल्या अमोनियाचा सोरा बनतो, तो खालच्या निर्वात थरांत झिरपतो आणि तेथें त्याचा पुन्हां वायु होऊन तो उडून जातो. यास्तव खत वरवर न फेकतां चिखलांत खोल मिसळलें पाहिजे. खताच्या प्रमाणाइतकीच त्याची जागाही महत्त्वाची आहे, हा धडा भातानें शास्त्रज्ञांना शिकविला.

इतकें सर्व संशोधन झालें तरी मोजमाप चाललें होतें तें एकरीं किती भात आलें याचेंच. दाण्याच्या अंतरंगाकडे लक्ष वेधलें तें शेतकीच्या नव्हे, तर वैद्यकाच्या वाटेनें. जावा बेटांत डच डॉक्टर आइकमन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पाहिलें कीं गिरणींत पांढरा शुभ्र सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो आणि कोंडा दिला कीं तो बरा होतो. या शोधासाठीं १९२९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. गोमंतकांत व दक्षिण कोंकणांत जो उकडा तांदूळ खाल्ला जातो त्यांत उकडतांना कोंड्याजवळचीं जीवनसत्त्वें दाण्यांत शिरतात, म्हणून तो सडल्यावरही बराचसा सकस राहतो, हेंही याच संशोधनाच्या ओघांत स्पष्ट झालें. तांदूळ आणि तांदूळ यांत फरक असूं शकतो, ही गोष्ट जगानें अशा रीतीनें प्रथम मान्य केली.

या देशांत नीलगिरीवरील कुन्नूरच्या प्रयोगशाळेंत मॅककॅरिसन यांनीं हा विषय पुढें नेला. १९२६ सालीं त्यांनीं कोइमतूरचे शेतकी रसायनशास्त्रज्ञ विश्वनाथ यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. शेतांत घातलेल्या खताचा धान्याच्या पोषणमूल्यावर काय परिणाम होतो, असा त्याचा विषय होता, आणि शेणखतावर वाढलेलें धान्य अधिक पोषक ठरतें असा त्यांचा निष्कर्ष होता. इंदूर येथें यशवंत वाड यांच्या सहकार्यानें कंपोस्ट खताची पद्धति सिद्ध करणारे ॲल्बर्ट हॉवर्ड यांनाही या निष्कर्षानें मोठें बळ दिलें. पण कुन्नूरचे प्रयोग ज्या धान्यांवर झाले तीं धान्यें म्हणजे गहूं व एक भरड धान्य. त्यांत भात नव्हतें. गव्हाचा न्याय भाताला लावणें किती धोक्याचें आहे हें पाण्याखालच्या चिखलानें आधींच दाखवून दिलें होतें. प्रश्न मात्र अचूक विचारला गेला होता: खताचा परिणाम राशीवर झाला, तसा तो घांसावरही होतो काय?

त्याचें उत्तर शोधण्याची सवड मिळण्यापूर्वींच १९४३ चा बंगालचा दुष्काळ कोसळला. वीस ते तीस लाख माणसें त्यांत मृत्युमुखीं पडलीं. पोट भरण्याचीच भ्रांत पडली असतां दाण्याच्या कसाची चर्चा कोण करणार? १९४६ सालीं कटक येथें मध्यवर्ती भातसंशोधन संस्था स्थापन झाली. १९५१ सालीं सिंद्री येथील कारखान्यांतून अमोनियम सल्फेट बाहेर पडूं लागलें. हवेंतील नत्र पकडून अमोनिया बनविण्याची जी युक्ति हाबर यांनीं १९०९ सालीं जर्मनींत दाखविली होती, ती आतां या देशाच्या खाचरांपर्यंत येऊन पोंचली. १९६६ सालीं फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेनें आयआर-८ ही ठेंगणी जात प्रसृत केली. जुन्या उंच जातींना नत्र अधिक दिलें कीं त्या माजत व आडव्या पडत. ही जात उभी राहिली आणि दिलेल्या नत्राचे दाणे करून दाखवूं लागली. एक टन भात पिकविण्यास पीक साधारणतः पंधरा ते वीस किलो नत्र जमिनींतून उचलतें. तें पुरविण्याचें सामर्थ्य आतां माणसाच्या हातीं आलें.

आणि येथेंच कुन्नूरच्या त्या प्रश्नाचें उत्तर मिळालें. पण तें सरळ मिळालें नाहीं. भाताला नत्र जेव्हां लावणीच्या सुमारास मिळतें तेव्हां फुटवे वाढतात. लोंबी पोटरींत असतांना मिळतें तेव्हां लोंबींतील दाण्यांची संख्या वाढते. दाणे वाढले कीं त्यांत भरलें जाणारें पिष्टही वाढतें, आणि नत्र बेताचेंच असेल तर तें अधिक दाण्यांत वांटलें जाऊन प्रत्येक दाण्याच्या वांट्याला थोडें कमी येतें. रास मोठी होते, पण दाण्यांतील प्रथिनाचें शेंकडा प्रमाण तेवढेंच राहतें किंवा किंचित्‌ घटते. उलट, फुलोऱ्याच्या वेळीं नत्र मिळालें तर दाण्यांची संख्या आधींच ठरून गेलेली असल्यामुळें पिकांत फारशी भर पडत नाहीं. तें नत्र दाण्यांत जातें आणि प्रथिन वाढवितें. एकच खत, एकच शेत, एकच बियाणें. फक्त वेळ बदलली कीं फळ बदलतें.

हा भेद आंकड्यांनीं अधिक स्पष्ट होतो. समजा, एका हेक्टरांत दोन हजार किलो तांदूळ पिकला व त्यांत शेंकडा सात प्रथिन आहे. तर त्या शेतानें १४० किलो प्रथिन दिलें. खतानें पीक दुप्पट झालें व प्रमाण साडेसहावर आलें, तरी शेताचें प्रथिन २६० किलो होतें. शेताच्या व देशाच्या हिशेबानें हा मोठाच लाभ आहे. पण जो माणूस दिवसाला चारशें ग्रॅम तांदूळ खातो, त्याला पूर्वीं अठ्ठावीस ग्रॅम प्रथिन मिळे तें आतां सव्वीस मिळेल. उलट प्रमाण आठांवर गेलें तर त्याला बत्तीस ग्रॅम मिळेल. चार ग्रॅमांची ही वाढ म्हणजे सुमारें सतरा ग्रॅम डाळ. ज्या घरांत डाळ रोज शिजते तेथें ती क्षुल्लक वाटेल. जेथें भाताबरोबर मीठ-मिरचीच असते तेथें ती क्षुल्लक नाहीं. खंडीचें माप आणि घांसाचें माप हीं दोन मापें निराळीं आहेत तीं अशीं.

अधिक प्रथिनाच्या जाती निर्माण करण्याचा प्रयत्न फिलिपाईन्सच्या संस्थेनें १९६६ पासूनच आरंभिला. पण मार्ग सोपा नव्हता. दाण्यांतील प्रथिन जातीच्या गुणापेक्षां जमीन, हवामान व खताची वेळ यांवर अधिक अवलंबून राहतें, आणि पीक व प्रथिन यांचें बहुधा परस्परांशीं वांकडें असतें, असें आढळून आलें. अखेर कटकच्या संस्थेनें ‘नवीन’ या लोकप्रिय जातींत अधिक प्रथिनाचा गुण आणून सीआर धान ३१० ही जात सिद्ध केली. नेहमींच्या तांदळांत शेंकडा सात-आठ प्रथिन असतें, तर या जातींत तें दहाच्या वर आहे. एकीकडे ही धडपड चालू असतां जपानांत नेमका उलटा प्रकार दिसतो. प्रथिन वाढलें कीं भात कांहींसा टणक होतो, त्याचा चिकट मऊपणा कमी होतो. जपानी रसनेला तें रुचत नाहीं. म्हणून उत्तम चवीच्या तांदळाची कीर्ति टिकविण्यासाठीं तेथील शेतकरी फुलोऱ्याच्या सुमारास नत्र देण्याचें टाळतो. ज्याच्या ताटांत मासे, सोयाबीन व अंडीं आहेत त्याला तें परवडतें. ज्याचें ताट भातानेंच भरतें, त्याचा हिशेब वेगळा असतो.

नत्राखेरीज इतर द्रव्यांचाही या इतिहासांत वांटा आहे. हिमालयाच्या पायथ्याशीं तराईंत भाताचीं पानें गंजल्यासारखीं होऊन पीक खुंटत असे. त्याला खैरा म्हणत. पंतनगर येथें नेने यांनीं १९६६ सालीं दाखविलें कीं हा संसर्गजन्य रोग नसून मातींतील जस्ताची उणीव आहे. जपानांत लोखंडाच्या भट्ट्यांतील मळी सिलिकाचें खत म्हणून १९५५ पासून रीतसर मान्य झाली. सिलिकेनें काड बळकट होतें व करप्याला तोंड देतें. आम्ल जमिनींत चुना घातला असतां इतर खतें उपयोगीं पडूं लागतात. अशीं द्रव्यें मुख्यतः पिकाची अडचण दूर करतात. दाण्याचें प्रथिन वाढविण्याचें काम मात्र बहुतेक नत्राच्याच हातीं राहतें, आणि नत्र शेवटपर्यंत पुरवून पुरवून देणें हीच त्यांतली खरी कसोटी आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रांत डॉ. नारायण सावंत यांनीं चारसूत्री भातशेतीची पद्धति मांडली. भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेंत मिसळणें हें पहिलें सूत्र. या राखेंत सिलिका विपुल असते. गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलांत गाडणें हें दुसरें. ठराविक अंतरावर नियंत्रित लावणी हें तिसरें. आणि लावणीच्याच दिवशीं चार चुडांच्या मधोमध युरिया व डायअमोनियम फॉस्फेट यांची गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोंचणें हें चौथें. या चार सूत्रांत सारा मागील इतिहास एकत्र आलेला दिसतो. रोपाला राख हवी, हें राबाचें मर्म त्यांत आहे, पण जंगलाचा टहाळ जाळावा लागत नाहीं. पाल्यांतलें नत्र धुरांत न जातां चिखलांत मुरतें. खत खोल पुरलें पाहिजे हा जपानी संशोधनाचा धडा गोळीच्या रूपानें आलेला आहे. खोल पुरलेलें नत्र उडून न जातां पिकाला दीर्घकाळ मिळत राहतें. १८८५ सालीं ज्या कवळावरून सरकार व शेतकरी समोरासमोर उभे राहिले, त्या कवळाची जागा बांधावर लाविलेल्या गिरिपुष्पानें घ्यावी, हा या इतिहासांतील सर्वांत समाधानाचा भाग होय.

मात्र याही पद्धतीचें यश मुख्यतः हेक्टरीं उत्पन्नांतच सांगितलें जातें. बाजारांत भाताला भाव मिळतो तो जात, लांबी, वास व शुभ्रता पाहून. दाण्यांतील प्रथिन पाहून मिळत नाहीं. फुलोऱ्याच्या वेळीं नत्राचा एक हप्ता अधिक द्यावयाचा तर त्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथीं पडतो आणि लाभ खाणाराच्या पदरांत पडतो. हा व्यवहार जोंपर्यंत एका तराजूंत तोलला जात नाहीं, तोंपर्यंत शास्त्राला वाट ठाऊक असूनही ती शेतांत उतरणें कठीण आहे. मध्यमवर्गीय घरांतून मागणी होते ती पांढऱ्या शुभ्र, अतिशय सडलेल्या तांदळाची. आणि प्रथिनाचा दाट थर दाण्याच्या बाहेरच्या बाजूसच असल्यामुळें शेतांत मिळविलेला कस थोडाबहुत गिरणींतच सोडून दिला जातो.

कोंकणच्या शेतकऱ्यानें या प्रश्नाला स्वतःपुरतें एक उत्तर पूर्वींच काढून ठेविलें होतें. भात कापून झाल्यावर खाचराच्या उरलेल्या ओलीवर तो वाल पेरतो. वालाच्या मुळांवरील गांठी हवेंतलें नत्र धरतात आणि त्याचा कांहीं भाग जमिनीला देतात. शेंगांतला दाणा भातापेक्षां कितीतरी अधिक प्रथिन ताटांत आणतो. शिवाय भाताच्या प्रथिनांत जें कमी तें वालाच्या प्रथिनांत विपुल, आणि वालांत जें कमी तें भातांत, असा त्यांचा मेळ आहे. ज्या गांवांत भातानंतर खाचर रिकामें पडूं लागलें आहे, तेथें राशीचें माप कदाचित्‌ पूर्वींइतकेंच किंवा अधिकही भरेल. पण घरांतल्या मुलाच्या ताटांतून काय गेलें, तें त्या मापांत दिसणार नाहीं.